साधननिष्ठा

जुनें टाकावें कीं ठेवावें हा प्रश्न आचारविचारांच्या क्षेत्रांत उभा राहिला म्हणजे त्याची चर्चा फार होते. पण घरांतील एखाद्या साध्या वस्तूच्या निमित्तानें तो उभा राहिला तर त्याकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं. वास्तविक मनुष्याच्या निष्ठेची परीक्षा अशा लहानसहान प्रसंगींच अधिक नेमकी होते. कारण तेथें पाहणारा कोणी नसतो. २०२५ सालीं आमच्या घरीं असा एक प्रसंग आला. दिसावयास तो अगदींच क्षुल्लक. मागल्या खोलींतील संगणकाची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम काढून तिच्या जागीं नवी बसवावयाची होती. वाचकांनीं हंसूं नये. वर्गांत पंचवीस वर्षें नीतिशास्त्र शिकवून आम्हांस स्वतःविषयीं जें कळलें नव्हतें, तें या कामानें कळलें.

ही मागली खोली म्हणजे आमचा छंद. भिंतींना जाड गोधड्या व सतरंज्या लावून आम्हीं ती शक्य तितकी निःशब्द केली आहे. एका कोपऱ्यांत मिरजेचा तंबोरा, त्यासमोर माइक, टेबलावर संगणक, आणि माइक व संगणक यांच्यामध्यें एक लहानशी पेटी, जिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. गाणाराचा आवाज माइकांतून या पेटींत जातो, तेथें तो एका सेकंदांत ४४,१०० वेळां मोजला जातो, आणि ते आंकडे संगणकांत सांठविले जातात. गाणारास स्वतःचा आवाज हेडफोनमधून परत ऐकूं यावा लागतो, व तो तत्काळ यावा लागतो. पण संगणक हे आंकडे एकेक न घेतां घासाघासानें घेतो. घास २५६ आंकड्यांचा असला तर सेकंदाचे सुमारें ६ सहस्रांश जातात. १,०२४ आंकड्यांचा असला तर सुमारें २३. पहिला विलंब कानास जाणवत नाहीं. दुसऱ्यानें गाणारा लयींत अडखळतो. घास लहान ठेवून काम सुरळीत चालविण्यासाठीं एक छोटा प्रोग्रॅम लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात, आणि तो पेटी बनविणारानें त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमकरितां लिहावा लागतो. एवढें तांत्रिक पुराण सांगण्याचें कारण इतकेंच कीं, पुढील कथेंतील सर्व अनर्थाचें मूळ या ड्रायव्हरांत आहे अशी आमची बरेच दिवस समजूत होती.

या खोलींत २०१४ ते २०१६ या वर्षांतील तीन हिवाळे आमचे गायनाचे गुरुजी येऊन गात असत. ते नांवाजलेले गवई नव्हते. एका शाळेंत त्यांनीं मुलींना प्रार्थना आणि समूहगीतें शिकविण्यांत उमर घालविली. पण स्वतःच्या गुरूंकडून मिळालेल्या कांहीं बंदिशी त्यांच्यापाशीं होत्या, आणि त्यांपैकीं कित्येकींचे पाठ आम्हीं अन्यत्र कोठेंहि ऐकलेले नाहींत. अशा ३१ बंदिशी आम्हीं ध्वनिमुद्रित केल्या. तोंपर्यंत त्यांस दम्याचा विकार जडला होता. तान संपली कीं धाप लागे, आणि ती माइकांत स्वच्छ उतरे. शेवटल्या दिवशीं तंबोऱ्यास गवसणी घालतां घालतां ते म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, आवाज माझा ठेवा, धाप तेवढी काढून टाका. मुलींनीं ती घरांत पुष्कळ ऐकली आहे.” आम्हीं “होय” म्हटलें.

२०१९ सालीं गुरुजी वारले. तोंवर ९ बंदिशी तयार करून आम्हीं त्यांच्या दोघी मुलींकडे पोहोंचविल्या होत्या. राहिल्या होत्या २२. पुढें सहा वर्षांनंतरहि त्या २२च होत्या.

कां राहिल्या, याचें आमच्यापाशीं एक भारदस्त उत्तर होतें. धाप दाबून टाकण्यासाठीं एक लहानसा प्रोग्रॅम, ज्यास प्लग-इन म्हणतात, आम्हीं ध्वनिमुद्रणाच्या मुख्य प्रोग्रॅमला जोडला होता. तो ३२ बिटांचा, जुन्या घडणीचा. मुख्य प्रोग्रॅमहि जुना, पेटीहि जुनी, प्रणालीहि जुनी. आणि या चौघांचें परस्परांशीं असें कांहीं सूत जमलें होतें कीं त्यांतील एकालाहि हात लावण्याचा धीर होईना. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यांत एक नियम सर्वांच्या तोंडीं असतो: काम हातांत असतांना हत्यार बदलूं नये. नियम शहाणपणाचा आहे. पण त्याला दोन बाजू आहेत. काम संपेपर्यंत हत्यार बदलूं नये ही एक. आणि काम संपवावें ही दुसरी. आम्हीं पहिली बाजू वेदवाक्याप्रमाणें पाळली, व दुसरीचें भिजत घोंगडें ठेवलें. कोणी विचारलें तर “यंत्र नाजूक आहे, घाईचें काम नव्हे” असें गंभीरपणें सांगावें, आणि स्वतःस जुन्याचे निष्ठावंत समजून समाधान मानावें, असा क्रम चालला होता.

अशा स्थितींत जुन्या प्रणालीची मुदत भरत आली. मुदत हा शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहों. मायक्रोसॉफ्टची विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजीं बाहेर पडली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं तिचा नित्याचा आधार संपला. यंत्र त्या दिवशीं बंद पडलें नाहीं; पण तिच्यांत पुढें आढळणारीं सुरक्षेचीं छिद्रें बुजवून मिळण्याची नेहमींची सोय संपली, आणि घरगुती वापरणारांस कांहीं अटींवर फक्त एका वर्षाची वाढ मिळाली. तिच्या जागीं यावयाची विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं आली, ती सुरक्षेची एक विशिष्ट चिप असल्यावांचून बसवूं नये असा निर्मात्यांचा दंडक. त्यामुळें उत्तम चालणारीं पुष्कळ यंत्रें पंक्तीबाहेर राहिलीं. ॲपलच्या घरींहि निराळा न्याय नाहीं. २०१९ सालच्या कॅटलिना या प्रणालीपासून तेथें ३२ बिटांचे प्रोग्रॅम चालणेंच बंद झालें, आणि ध्वनिमुद्रण करणारांचे कित्येक जुने प्लग-इन एका रात्रींत मुके झाले. आमचा संगणक यांपैकीं कोणत्या घराण्याचा होता हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. व्यथा सर्व घराण्यांची एकच आहे.

आम्हांस याचा संताप आला, आणि तो अगदींच निराधार होता असें आजहि वाटत नाहीं. जीर्ण वस्त्र टाकून नवें धारण करण्याचा गीतेंतील दृष्टांत प्रसिद्ध आहे. पण त्यांत वस्त्र जीर्ण झालेलें आहे हें विसरतां येत नाहीं. वस्त्र विरलें म्हणून टाकणें निराळें, आणि शिंप्यानें तारीख ठरविली म्हणून टाकणें निराळें. आमच्या तंबोऱ्याकडे पाहावें. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु त्या कारागिरांची खरी थोरवी याहून जुनी आहे. तारांच्या घर्षणानें घोडीला चरे पडतात आणि तंबोऱ्याचा नाद बसतो. मग कारागीर घोडी घांसून जवारी पुन्हां काढून देतो, आणि वाद्य पुढच्या पिढीला मिळतें. तंबोरा विकणारा त्याच्या जवारीला कुलूप घालून किल्ली आपल्या खिशांत ठेवीत नाहीं. संगणकाच्या बाबतींत मात्र आपण यंत्राचे मालक आणि प्रणालीचे नुसते भाडेकरी असतों, व भाडेपट्टा केव्हां संपावा हें दुसराच कोणी ठरवितो.

पण दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. लक्षावधि लोकांच्या जुन्या यंत्रांची डागडुजी अनंत काळ करीत राहावी अशी अपेक्षा कोणत्याहि निर्मात्याकडून रास्त रीतीनें करतां येणार नाहीं. शिवाय छिद्रें न बुजविलेला संगणक जाळ्याला जोडून ठेवणें हा केवळ आपल्या जिवाचा धोका नव्हे. अशा यंत्रांत शिरलेला चोर तेथूनच शेजाऱ्यांच्या घरांवर दरोडे घालतो. आपल्या घरची विहीर उघडी ठेवण्याचा हक्क आपला आहे असें म्हणणाराला रस्त्यानें जाणाऱ्या मुलांचाहि विचार करावा लागतो. तेव्हां संताप अर्धा खरा होता. पण तो संपूर्ण खरा असता तरीहि आमच्या दृष्टीनें त्यांतील संशयास्पद गोष्ट निराळीच होती: तो आम्हांस फार सोयीचा होता. निर्मात्यांचा दोष जितका मोठा ठरेल तितका आमचा दोष लहान दिसत होता.

सप्टेंबरांतील एका रविवारीं आमचा पुतण्या आला. तो या विषयांतला जाणता आहे. त्यानें पहिली गोष्ट केली ती ही कीं, जुन्या डिस्कची जशीच्या तशी दुसरी प्रत काढून ती बाजूला ठेवली. आम्हीं त्यास अतिसावधपणा म्हणून हंसलों. मग त्यानें नवी प्रणाली बसविली, आणि ध्वनिमुद्रणाच्या मुख्य प्रोग्रॅमची नवी आवृत्ति घातली. पेटीनें ताबडतोब मौन धरलें. तिच्या निर्मात्यानें नव्या प्रणालीकरितां ड्रायव्हर लिहिलाच नव्हता. सर्वसाधारण ड्रायव्हरवर ती कशीबशी बोलूं लागली, पण इतक्या विलंबानें कीं तिच्यावर गाणें अशक्यच. तरी ऐकण्यापुरती ती चालत होती. गुरुजींची एक बंदिश उघडली. अमुक प्लग-इन सांपडत नाहीं, अशी अदबीची सूचना पडद्यावर आली. नव्या आवृत्तींत ३२ बिटांचे प्लग-इन चालत नव्हते. आम्हीं सूचना बाजूला सारली आणि मुद्रण लावलें.

गुरुजी गाऊं लागले. पहिली तान संपली, आणि खोलीभर धाप ऐकूं आली.

पुतण्यानें गुरुजींस पाहिलेलें नव्हतें. तो म्हणाला, “काका, हे कोण एवढं दमलंय?”

आम्हांस उत्तर सुचेना. इतकीं वर्षें आम्ही या मुद्रणांतील धाप काढलेली आहे असें समजत होतों. वस्तुस्थिति अशी कीं ती कधींच काढलेली नव्हती. या धंद्यांतील रीतच अशी आहे कीं मूळ मुद्रणास हात लावावयाचा नाहीं. प्लग-इन जें कांहीं करतो तें प्रत्येक वेळीं ऐकवितांना नव्यानें करतो. काम पुरें झालें म्हणजे संस्कार केलेल्या आवाजाची स्वतंत्र फाईल काढावयाची असते. नऊ बंदिशींची तशी फाईल आम्हीं काढली. बावीस बंदिशींची काढली नाहीं. त्या बाविसांत गुरुजी धापा टाकीतच होते. आम्ही त्यावर दरवेळीं पडदा ओढीत होतों, आणि पडदा ओढला म्हणजे वचन पाळलें असें मानीत होतों. प्रणाली बदलली, पडदा पडला, आणि मागें आमचें न पाळलेलें वचन उभें होतें. ड्रायव्हरचा त्यांत कांहीं संबंध नव्हता.

त्या रात्रीं आमच्या मनांत वारंवार भीष्माचार्यांचें उदाहरण येत राहिलें. क्षुद्र गोष्टीस थोर उपमा दिल्याचा दोष पत्करून तें येथें सांगतों. भीष्मांनीं सिंहासनाच्या रक्षणाचा भार घेतला आणि तो अखेरपर्यंत वाहिला. पण सिंहासन हें धर्माचें साधन होतें. ज्या सभेंत त्या सिंहासनासमोर द्रौपदीची विटंबना झाली, तेथें साधन शाबूत होतें आणि साध्य धुळीस मिळालें होतें. तरी भीष्म साधनालाच चिकटून राहिले. ही साधननिष्ठा. तिला निष्ठेचें सर्व बाह्य रूप असतें: चिकाटी असते, त्याग असतो, नव्याविषयीं तिरस्कारहि असतो. फक्त ज्याच्यासाठीं निष्ठा ठेवावयाची तें त्यांत नसतें. आमची जुनी प्रणाली, जुनी पेटी, जुना प्लग-इन यांना आम्हीं जपलें, धूळ झाडली, कोणास हात लावूं दिला नाहीं. आणि ज्याच्याकरितां तीं ठेवलेलीं होतीं तें काम केलें नाहीं. आळसाला स्वतःच्या नांवानें वावरण्याची लाज वाटते. म्हणून तो निष्ठेचा अंगरखा घालतो.

दुसऱ्या दिवशीं एक निराळाच मोह उत्पन्न झाला. पुतण्या म्हणाला, “राहूं द्या ना ती धाप, काका. किती खरं वाटतं ऐकायला!” खरें सांगावयाचें तर आम्हांसहि तसेंच वाटत होतें. त्या धापेंत एका वृद्ध माणसाची जिद्द होती. तान पुरी करण्यासाठीं त्यानें काय मोजलें याचा तो हिशेब होता. कलेच्या दृष्टीनें ती ठेवणेंच योग्य, असा निबंध आम्ही सहज लिहूं शकलों असतों. उपयुक्ततावादीहि आमच्याच बाजूनें साक्ष देता: मृतास सुखदुःख नाहीं, ऐकणारांस आनंद अधिक, मग वचनाचें ओझें कशाला? याउलट कांट म्हणेल कीं वचनाचें बंधन परिणामांच्या बेरजेवर अवलंबून नसतें. आमचा निर्णय मात्र या दोघांच्या वादानें झाला नाहीं. एक साधी गोष्ट ध्यानांत आली. जिवंत माणसास दिलेलें वचन जड झालें तर त्याच्याकडे जाऊन सुटका मागतां येते. तो मोठ्या मनानें “असो” म्हणूं शकतो. गुरुजी आतां “असो” म्हणूं शकत नाहींत. ज्यानें मोकळें करावयाचें तोच नाहीं, म्हणून आपणच आपल्यास मोकळें करणें ही फसवणूक होय. शिवाय धाप आम्हांस सुंदर वाटली, कारण ती आम्हीं रात्र रात्र उशाशीं बसून ऐकलेली नव्हती. त्या मुलींनीं ऐकली होती.

तेव्हां पुतण्यानें काढलेली जुन्या डिस्कची प्रत, जिला आम्ही हंसलों होतों, ती परत यंत्रांत घातली. जाळ्याची तार काढून टाकली. जुनी प्रणाली, जुनी पेटी, जुना प्लग-इन पुन्हां एकत्र नांदूं लागले, आणि आम्हीं कामास बसलों. एकेक बंदिश ऐकावी, धाप कोठें राहिली तें पाहावें, तानेचें टोंक तिच्याबरोबर कापलें जात नाहीं ना याची खात्री करावी, आणि संस्कारित फाईल काढावी. त्याशिवाय आवाज, तंबोरा व तबला या प्रत्येकाची मूळ फाईल, कोणताहि संस्कार न करतां, अगदीं शून्य क्षणापासून वेगळी काढावी. म्हणजे पुढें कोणत्याहि यंत्रावर त्या एकाखालीं एक ठेवल्या कीं आपोआप जुळतील. सहा वर्षें जें झालें नव्हतें तें १७ रात्रींत झालें. हा आंकडा लिहितांना हात जड होतो.

या फाईली आम्हीं ‘वेव्ह’ या नमुन्यांत ठेवल्या. हा नमुना १९९१ सालचा आहे, आणि आजचा जवळजवळ प्रत्येक ध्वनि-प्रोग्रॅम तो वाचूं शकतो. त्याहून जुनी ‘मिडी’ ही वाद्यावाद्यांमधील संकेतभाषा १९८३ सालची. त्या काळचा कीबोर्ड आजच्या संगणकाशीं अद्याप बोलूं शकतो. हीं दोन्ही टिकलीं याचें कारण तीं सर्वांच्या वहिवाटीचीं झालीं. एका दुकानाच्या दारांतून जाणारी वाट दुकान मिटलें कीं मिटते. गांवाची वहिवाट सहसा मिटत नाहीं. पण वहिवाटीलाहि चालणारा लागतो. मिरजेस राहिलेले अब्दुल करीम खांसाहेब १९३७ सालीं वारले. त्यांच्या लाखेच्या तबकड्यांवरील तीन-तीन मिनिटांचें गाणें आज आपण खिशांतील फोनवर ऐकतों. तें आपोआप येथवर आलें नाहीं. तबकडीवरून लाँग प्लेवर, फितीवर, सीडीवर, तेथून फाईलींत, अशा प्रत्येक मुक्कामीं कोणीतरी बसून तें उचलून पुढें ठेवलें. बंदिशीचा प्रवास तरी निराळा कोठें आहे? गुरुजींच्या गुरूंचा गळा गेला, बंदिश गुरुजींच्या गळ्यांत आली. गळा राखून ठेवणें कोणाच्याच हातीं नसतें. वेळ असेतों शिकवून टाकणें हातीं असतें. परंपरेंतील लोकांना हें इतकें ठाऊक होतें कीं त्यांनीं त्याचा वेगळा सिद्धांत केला नाहीं. आम्ही यंत्राच्या भरंवशावर तें विसरलों.

बाविसहि बंदिशी गुरुजींच्या मुलींकडे नेऊन दिल्या. धाप असलेलीं मूळ मुद्रणें आमच्यापाशीं आहेत, तीं नष्ट केलेलीं नाहींत, हेंहि त्यांस सांगितलें. लपवून ठेवणें हें दुसरें असत्य झालें असतें. आणि ऐकावें कीं न ऐकावें हें ठरविण्याचा अधिकार आतां त्यांचा आहे. थोरल्या मुलीनें क्षणभर विचार केला व म्हणाली, “असूं द्या, सर. नंतर पाहूं.” नऊ वर्षांचा उशीर कां झाला हें तिनें विचारलें नाहीं. तिनें विचारलें असतें तर बरें झालें असतें.

मग नवी प्रणाली दुसऱ्यांदा बसविली. या वेळीं तिचा राग आला नाहीं, आणि कौतुकहि वाटलें नाहीं. नुकसान झालेंच नाहीं असें म्हणणार नाहीं. एका बंदिशीला जुन्या प्लग-इननें जो घुमारा दिला होता तसा पुन्हां साधत नाहीं. जुनी पेटी धडधाकट असून कपाटांत पडली आहे. तिच्याऐवजीं नवी घ्यावी लागली, आणि हा अन्याय आहे असें आमचें मत कायम आहे. जें गेलें त्यास गेलें म्हणावें. त्यास प्रगति म्हणून गौरवूं नये, आणि तें धरून बसण्यास निष्ठाहि म्हणूं नये.

खोलींत आतां एवढाच बदल आहे कीं, ज्या रात्रीं एखादें मुद्रण पुरें होतें त्याच रात्रीं त्याची साधी फाईल काढून दोन ठिकाणीं ठेवल्याशिवाय आम्ही दिवा मालवीत नाहीं. नव्या प्रणालीचीहि मुदत कोठेंतरी ठरलेली असेलच. ती भरेल तेव्हां आमच्या यंत्रांत कोणाचें वचन पडून नसावें, इतकीच आमची खटपट आहे.